साडेबारा

मीटरवर साडेबारा,
घड्याळात पावणेसहा.
सातपूरचे दिवे मागे राहिले,
महिरावणीच्या पुढे रस्ता आपल्या एकट्याचा.
मितेश पारखची एस्टीम. गाडी जुनी, हौस नवी.
"कापडणीस, आवाज नको, ताकद पाहिजे," म्हणाला,
आणि आवाजाचाच पाइप बसवून आला होता.

आठ दिवस बॉनेट उघडं.
आधी तिचं नाक मोकळं केलं:
फिल्टरचा डबा, मग ती रबरी नळी,
कंपनीनं का कोण जाणे
पिळलेल्या फडक्यासारखी वळवलेली.
हेडचे पोर्ट हातानं घासले,
अंबडच्या शेडमध्ये, रात्री, शेजारचा प्रेस थांबल्यावर,
बोट आत घालून चाचपत,
पुरणात गाठ राहिली का बघतात तसं.

हवा वाढली की पेट्रोल वाढवायचं,
खरं तर एवढंच.
पण किती, कुठल्या आरपीएमला, कुठल्या चढाला,
यात माझी तेवीस वर्षं गेली
आणि उजवा कान.

कमी पाजलं तर प्लग चुन्यासारखा पांढरा,
जास्त पाजलं तर तव्याच्या बुडासारखा.
हवा तो रंग शेंगदाण्याच्या सालीचा.
"टरफलाचा," योगितानं दुरुस्त केलं.
बरोबर. टरफलाचा.

योगिता भोये, पेठकडची.
आयटीआय करून आली, पहिला महिनाभर नुसते नटबोल्ट धुतले.
आज शेजारच्या सीटवर ती, मांडीवर लॅपटॉप,
कानांवर माझं जुनं यंत्र:
ब्लॉकला बोल्टनं आवळलेली तांब्याची नळी,
तिला रबराची, तिच्या टोकाला विमानतळावरचे असतात तसले कानटोप.
एरवी ते मीच घालतो.
आज मितेश उठलाच नाही, म्हणून गाडी माझ्या हातात.

थंडी अशी की स्टिअरिंग बोटांना चावतं.
हवा दाट, दह्यासारखी.
अशा हवेत कुठलंही इंजिन स्वतःला वाघ समजतं.
तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली.
साडेतीन हजार, चार, साडेचार,
सुई साडेबारावर खिळलेली,
मानेला मागून कोणीतरी धरल्यासारखं झालं
आणि मी ओरडलो, "दे अजून एक डिग्री!"

तिनं दिली.
समोर अंजनेरी, अजून काळीच.
वाऱ्याचं पोर तिथं जन्मलं म्हणतात,
भूक लागली तर सूर्यावरच झेपावलं.
हनुवटी कशी फुटली,
तेही त्याच गोष्टीत आहे.

"सोडा," ती म्हणाली.
"काय?"
"पाय सोडा. वाजलं."
काही वाजलं नव्हतं.
"पत्र्याच्या डब्यात वाटाणे," ती म्हणाली, "तीन-चार. मग गेले."

गाडी कडेला घेतली. कानटोप ओढून घेतले,
तिला ढकललं चाकामागे, पुन्हा तोच चढ.
डावा कान, उजवा कान.
इंजिन गुळगुळीत गात होतं.
ती माझ्याकडे बघत होती:
"आत्ता. आत्ताही. ऐकलंत ना? मला तर नुसतंच ऐकू येतंय."

मी काही बोललो नाही.
पाना काढला. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग,
गरम, फडक्यात धरलेला,
मोबाइलच्या उजेडात फिरवला.
टरफलाचा रंग. सुरेख.
आणि त्या रंगावर चांदीचे बारीक ठिपके, मोजून पाच.
पिस्टन झिजायला लागला होता, कणाकणानं,
माझ्या कानाच्या पलीकडे.

किती दिवसांपासून?
मागची होंडा? देवळालीवाल्याची जिप्सी?
घरी टीव्हीचा आवाज कोण वाढवून ठेवतं?

दोन डिग्री मागे घेतल्या.
परत येताना उजाडलं, त्र्यंबकहून दुधाच्या गाड्या येत होत्या,
दोघांपैकी कोणी बोललं नाही.

नऊला मितेश आला, अंघोळ करून, अत्तर लावून.
"किती वाढले घोडे?"
"अकरा," मी म्हणालो.
"तुम्ही तर पंधरा बोलला होतात."
मी हॅकसॉ शोधत होतो,
तांब्याची नळी चार बोटं कापायची होती,
तिच्या बसण्याच्या उंचीला.
उत्तर तीच देत होती, हात पुसत:
"मे महिन्यात, एसी लावून कसारा चढून या.
मग मोजू."